डिफरन्शियल घरी उतरवावा का? साध्या पान्यांवर काय जमते आणि कुठे थांबायचे

सोयाबीन मोंढ्यावर जाऊ लागले आणि पाठोपाठ उसाचे फड सुरू झाले की औसा तालुक्यातल्या पिकअप, छोटा हत्ती, चारशेसात आणि अजून धावणाऱ्या जुन्या जीपा यांना उसंत नसते. ओल्या काळ्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना सगळा ताण मागच्या एक्सलवर येतो. याच दिवसांत वाचक पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतात: “मागून घरघर येते. मिस्त्री म्हणतो, डिफरन्शियल उतरवावा लागेल. आम्हीच उतरवून त्याच्याकडे नेला तर चालेल का? त्याला स्पेशल टूल लागतात म्हणे.”

थेट उत्तर असे: पुष्कळ गाड्यांत डिफरन्शियल अखंड उतरवणे आणि परत चढवणे साध्या पान्यांवर होते. त्याच्या आतली जुळवणी मात्र साध्या पान्यांवर होत नाही. कारण खास हत्यारे तीन प्रकारची असतात. काही वजन उचलतात, काही घट्ट बसलेले भाग ओढतात आणि काही मापे घेतात. उचलायला जॅक, फळी आणि सोबतीला एक माणूस पुरतो. ओढायला युक्ती चालते. मापाला मात्र पर्याय नाही. म्हणून पूर्ण कामात एकच कसोटी लावा: ज्या कामात आतले माप हलत नाही ते तुमचे, जिथे माप हलते तिथून पुढे जाणकार मिस्त्रीचे.

हा लेख मागच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे अखंड एक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतो आणि ट्रॅक्टरचा त्याच्या धडातच बसवलेला असतो. त्या दोन्हींना इथले टप्पे लावू नका.

आधी खात्री करा: दोष तिथेच आहे का?

मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो. उतरवण्याआधी या गोष्टी तपासा:

- उभी गाडी पुढे काढताना किंवा गिअर बदलताना ‘टक्’ असा ठोका: आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहा. क्रॉस ढिला झाला असेल तर काम तिथेच संपते.
- वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी गाडी डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होते: चाकाच्या बेरिंगचा संशय धरा.
- ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर बदलणारा बारीक सूर: क्राउन-पिनियनची (मोठा आणि छोटा मुख्य गिअर) झीज किंवा पिनियनच्या बेरिंगचा ढिलेपणा.
- फक्त वळणावर कटकट: आतले लहान गिअर, ज्यांना मिस्त्री ‘स्टार’ म्हणतात, किंवा त्यांचे वॉशर.
- ऑइलची गळती: ती पिनियनच्या सीलमधून आहे, चाकाकडच्या सीलमधून आहे की जोडावरून, हे पुसून, थोडे चालवून मग पाहा.

गळती असेल तर सर्वांत आधी ब्रीदर तपासा. हौसिंगच्या माथ्यावरची ही छोटी हवेची वाट आपल्याकडच्या चिकट मातीने बुजते. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर साफ न करता नवे सील टाकले तर तेही गळू लागते.

त्यानंतर भरण्याचे बूच उघडून पातळी बघा. गाडी सपाट जागी असताना ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत असायला हवे. बोट आत घालून ते लागत नसेल, तर आवाजाचे कारण आणि नुकसानाचे कारण बहुधा एकच आहे.

तुमच्या गाडीचा डिफरन्शियल कोणत्या घडणीचा?

गाडीखाली वाकून हौसिंगचा मधला फुगवटा पाहा. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक एक्सल बदललेला असू शकतो.

१. पुढून निघणारा संच: फुगवटा मागून गुळगुळीत आणि बंद असतो. पुढे, प्रोपेलरच्या बाजूला, नटांचे गोल कडे दिसते. ते नट काढले की क्राउन, पिनियन आणि बेरिंगसह पूर्ण संच एकसंध बाहेर येतो. आतली मापे जशीच्या तशी राहतात. घरी उतरवण्याजोगा हाच. चारशेसात आणि त्याहून मोठे ट्रक या घडणीचे.

२. मागे झाकण असलेला: मागच्या बाजूला बोल्टांनी कसलेले पत्र्याचे झाकण असते आणि पिनियन थेट हौसिंगमध्येच बसवलेला असतो. जुन्या विलीज घडणीच्या महिंद्रा जीपांत हा दिसतो. झाकण उघडून पाहणी करणे, पॅकिंग बदलणे, ऑइल बदलणे घरी होते. आतला क्राउन काढायचा तर हौसिंग किंचित ताणावे लागते, बेरिंगच्या टोप्या आणि शिम (जुळवणीच्या पातळ चकत्या) हलतात. म्हणजे माप हलते. इथे थांबा.

दुसरी ओळख एक्सलची. हबच्या मध्यभागी बोल्टांचे वेगळे वर्तुळ असेल, तर एक्सल फक्त चाक फिरवतो. गाडीचे वजन हब आणि हौसिंग पेलतात. असा एक्सल चाक न काढता बाहेर ओढता येतो. मध्यभागी असे बोल्ट नसतील, तर चाक एक्सललाच टांगलेले असते आणि एक्सल काढण्याआधी चाक व ड्रम उतरवावे लागतात.

तुमच्यापुढचे तीन पर्याय

- फक्त संच उतरवून नेणे: पहिल्या घडणीत. सर्वांत कमी खटाटोप.
- पूर्ण हौसिंग उतरवून नेणे: दुसऱ्या घडणीत, गाडी जागेवरून हलत नसेल तर. यू-बोल्ट, शॉकअप, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप सोडवावा लागतो. बसवल्यावर ब्रेकची हवा काढणे सक्तीचे आहे. ते काम नीट येत नसेल तर हा पर्याय घेऊ नका.
- गाडीच गॅरेजला नेणे: गाडी वॉरंटीत असेल, लॉकिंग डिफरन्शियल असेल किंवा सपाट, पक्की जागा नसेल तर हाच मार्ग. औशाहून लातूर अवघे वीस किलोमीटर आहे. ओढून नेण्याचा खर्च चुकीच्या धाडसापेक्षा कमीच पडतो.

ओढून नेतानाही काळजी घ्या. तुटलेला डिफरन्शियल चाकांबरोबर फिरत राहतो आणि तुटका दात उरलेल्यांचा चुरा करतो. चारशेसातसारख्या गाडीचे दोन्ही एक्सल काढून हबचे तोंड प्लॅस्टिक व फडक्याने घट्ट बांधा. चाके मोकळी होतात. ज्या गाडीत एक्सलच चाक धरून असतो तिची मागची दोन्ही चाके उचलून किंवा गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्या. तुळजापूर-औसा-लातूर महामार्गावर गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला डिफरन्शियल उघडायला बसू नका. परावर्तक त्रिकोण लावा, माणसे रस्त्यापासून दूर उभी करा आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागा.

लागणारे साहित्य

- रिंग पाने आणि गोटी पान्यांचा संच, लांब दांडा, दांड्यावर चढेल असा मजबूत पाइप
- हातोडा, पितळेचा किंवा तांब्याचा रॉड, दोन टॉमी
- ट्रॉली जॅक (शेजारून किंवा भाड्याने), एक बॉटल जॅक, दोन पक्क्या घोड्या
- जाड फळ्या, चाकांना लावायच्या पाचरी, मजबूत दोरी
- ऑइलसाठी पसरट भांडे, झाकणाचा कॅन, रॉकेल किंवा डिझेल, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकी
- खुणांसाठी पांढरा रंग आणि सेंटर पंच
- नवे पॅकिंग किंवा सिलिकॉन पेस्ट, नवी सील, नवे लॉकनट
- टॉर्क पाना. विकत घेण्याची गरज नाही, एका दिवसासाठी मागून आणा. कसण्याचे आकडे त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्या. ऐकीव आकडे चालत नाहीत.

जागा आणि आधार: इथे तडजोड नाही

डिफरन्शियल जड असतो आणि तो तुमच्या डोक्यावर असतो. म्हणून पुढचे प्रत्येक वाक्य नियम समजा.

- गाडी पूर्ण रिकामी करा. माल, जॅकखाली घालायला ठेवलेले दगड, मागे बसलेली पोरे, काहीही नको.
- जागा सिमेंटची किंवा चांगली दबलेली मुरमाची हवी. काळ्या मातीवर जॅक हळूहळू खचतो. वरून कोरडी दिसणारी जमीनही आत ओली असते. जॅक आणि घोडीखाली रुंद, जाड फळी घाला.
- पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावा. हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवरच असतो आणि तीच चाके तुम्ही सोडवणार आहात. काही जीपांत तो प्रोपेलरवर असतो. प्रोपेलर सुटला की ब्रेकही सुटला.
- चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा.
- घोडी चॅसीखाली लावा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात, ते नकोत. घोडी नसेल तर जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून थर करा.
- फक्त जॅकच्या आधारावरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. घोडीवर ठेवल्यावर गाडी बाहेरून जोराने हलवून पाहा आणि मगच खाली जा.
- एकट्याने काम करू नका.

उतरवण्याचा क्रम

१. भरण्याचे बूच आधी उघडा, सोडण्याचे नंतर. वरचे बूच गंजून बसले असेल आणि तुम्ही ऑइल आधीच सोडून दिले, तर गाडी तिथेच अडकते. ऑइल किंचित कोमट असताना सोडा. बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा दिसला तर ती नेहमीची झीज आहे. चकचकीत कपच्या किंवा दाताचा तुकडा म्हणजे आत मोडतोड आहे. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे.

२. प्रोपेलर सोडवा. दोन्ही फ्लँजवर एका रेषेत रंगाची खूण करा. बोल्ट काढा आणि शाफ्ट दोरीने चॅसीला बांधा. तो लोंबकळू दिला तर क्रॉसला इजा होते. शाफ्ट गिअरबॉक्समधून निसटणारा असेल तर त्या तोंडाला पिशवी बांधा, नाहीतर तिकडचे ऑइल गळेल.

३. एक्सल बाहेर घ्या.
 - *हबवर बोल्ट असलेला प्रकार:* नट काढल्यावर एक्सल सहसा लगेच हलत नाही, कारण स्टडवरचे निमुळते कोन घट्ट बसलेले असतात. पितळी रॉड एक्सलच्या मध्यावर ठेवून हातोड्याचे नेमके ठोके द्या. कोन उडून मोकळे होतात. त्या वेळी चेहरा बाजूला ठेवा.
 - *चाक धरून असलेला प्रकार:* चाक आणि ड्रम काढा, मग एक्सलच्या टोकाशी बेरिंग दाबून धरणाऱ्या पट्टीचे नट काढा. पुलर नसेल तर ड्रम उलटा करून एक्सलच्या स्टडवर ठेवा, नट दोन-तीन आट्यांवरच लावा आणि ड्रम दोन्ही हातांनी बाहेर झटका देऊन ओढा. ड्रमचे वजनच ठोक्याचे काम करते. झटका देण्याआधी घोडी पुन्हा तपासा आणि गाडीखाली कोणी नाही ना ते पाहा.
 - एबीएस असलेल्या गाडीत चाकाचा सेन्सर आधी सोडवा.
 - पट्टी सुटूनही एक्सल तसूभर हलत नसेल तर जोर थांबवा. काही एक्सल आतल्या क्लिपने अडकवलेले असतात.
 - डाव्या-उजव्या एक्सलची लांबी वेगळी असू शकते. दोन्हींवर खूण करा. पट्टीखालचे पातळ शिम बाजूनुसार वेगळ्या डब्यांत ठेवा.
 - ब्रेकची भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

४. संचाचे नट ढिले करा. खालून वर या. वरचे दोन नट काही आट्यांवर राहू द्या. जोड सुटला की संच एकदम पुढे येतो. हेच दोन नट त्याला धरून ठेवतात.

५. जोड मोकळा करा. संचाच्या कडेवर रिकामी आटे पाडलेली दोन भोके असतील तर ती याच कामाची आहेत. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे कसा. संच सरळ बाहेर ढकलला जातो. भोके नसतील तर समोरासमोरच्या दोन जागी टॉमीने हलका जोर द्या. जोडात छिन्नी मारू नका. छिन्नीचा एक व्रण पुढे कायमची गळती देतो.

६. खाली घ्या. ट्रॉली जॅकवर फळी ठेवून संच तिच्यावर टेकवा, दोरीने बांधा, मग उरलेले दोन नट काढा. एक जण जॅक सोडेल, दुसरा बाजूने तोल धरेल. संचाच्या थेट खाली कोणाचाही हात-पाय नको.

७. हौसिंगचे उघडे तोंड स्वच्छ फडक्याने झाका.

बाहेर आल्यावर काय पाहावे आणि कशाला हात लावू नये

संच रॉकेलने धुवा आणि उजेडात ठेवा. क्राउनचा प्रत्येक दात पाहा: तुटलेली कड, खड्डे, निळसर जळालेला रंग. पिनियनचा फ्लँज धरून मागे-पुढे आणि वर-खाली हलवा. बेरिंगचा ढिलेपणा हाताला कळतो. क्राउन हळू फिरवा. कुठे अडकतो, कुठे खरखरतो ते लक्षात ठेवा. ही माहिती मिस्त्रीला द्या.

आता ज्यांना हात लावायचा नाही ते तीन भाग:

- पिनियनचा मधला नट. पुष्कळ एक्सलमध्ये या नटाच्या आत दबणारी नळी असते. नट ठरावीक ताणाला कसला की ती दबते आणि बेरिंगवर नेमका भार राहतो. पाइप लावून जाम कसला की ती जास्त दबते, परत उलगडत नाही आणि बेरिंग तापून जळते. फक्त पिनियनचे सील बदलायचे म्हणूनही हा नट अंदाजाने कसू नका. तेवढे काम संच उतरवलेला असताना मिस्त्रीकडूनच करून घ्या.
- बेरिंगच्या टोप्या. त्या आपापल्या जागीच बसवून तासलेल्या असतात. डावी-उजवी किंवा वर-खाली उलटली की बेरिंग तिरके बसते.
- बाजूचे जुळवणीचे नट आणि शिम. क्राउन आणि पिनियन यांच्या दातांतला मोकळा खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत असतो. तो डायल गेजनेच मोजतात. बोटाला तो कळत नाही.

मिस्त्रीकडे देताना

- क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना अशी जोडी आवाज करते आणि लवकर झिजते.
- जुळवणी झाल्यावर दातांना रंग लावून उठलेला डाग दाखवायला सांगा. डाग दाताच्या मध्यभागी हवा. टोकाला, बुडाला किंवा एका कडेला सरकलेला नको.
- जुन्या बाजारातून संच घेत असाल तर दाते मोजा. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे गुणोत्तर. जुन्या विलीज घडणीच्या जीपांत ४३ आणि ८ अशी जोडी येई, म्हणजे ५.३७५. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे-मागचे गुणोत्तर सारखेच हवे. फरक पडला तर ट्रान्सफर केस आणि एक्सल एकमेकांशी झगडतात.
- संच उतरवण्याआधीच गुणोत्तर पाहायचे असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा. मागचे एक चाक जमिनीवर टेकलेले, दुसरे उचललेले असू द्या. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलरचे फेरे मोजा. तोच आकडा तुमचे गुणोत्तर. लॉकिंग डिफरन्शियलला ही पद्धत चालत नाही.

बसवण्याचा क्रम

१. हौसिंग आतून धुवा. तळाशी एक कपची राहिली तरी नवे बेरिंग वाया जाते. लोहचुंबक फिरवा आणि फडक्याचे धागे राहू देऊ नका.

२. ब्रीदर मोकळा करा. चाकांकडची सील बदला. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा.

३. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग कोरडे करा. पॅकिंग असेल तर नवे लावा. पेस्ट असेल तर एकसारखी सलग धार सोडा आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने न्या. जाड थर लावला म्हणजे जोड घट्ट बसतो असे नाही. उरलेली पेस्ट आत सुटून ऑइलची वाट अडवते.

४. हौसिंगला कायमचे स्टड नसतील तर डोके कापलेले दोन लांब बोल्ट समोरासमोर हाताने लावा. संच त्यांच्यावरून सरळ सरकतो आणि पेस्ट पुसली जात नाही. उरलेल्या भोकांत बोल्ट लागले की हे दोन काढा.

५. नट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत कसा. शेवटची फेरी टॉर्क पान्याने.

६. एक्सल आत घालताना हाताने उचलून धरा. त्याचे दाते सीलच्या ओठावरून घासत नेऊ नका. शेवटच्या इंचाला अडला तर ठोकू नका. पिनियनचा फ्लँज थोडा फिरवा, दाते जुळतात. शिम त्याच बाजूला परत घाला.

७. प्रोपेलरच्या खुणा जुळवा आणि नवे लॉकनट लावा.

८. सोडण्याचे बूच कसा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरा. दुकानात ‘नव्वद नंबर’ मागितल्यावर मिळेल ते घेऊ नका. मागच्या एक्सलच्या या तिरप्या दातांना बहुतेक गाड्यांत जीएल-५ प्रतीचे ऑइल लागते. गिअरबॉक्ससाठी उरलेले जीएल-४ त्यात ओतू नका. लॉकिंग डिफरन्शियलचे ऑइल वेगळे असू शकते. अर्ध्या तासाने पातळी पुन्हा बघा.

९. दोन्ही चाके अधांतरी असताना गाडी गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाक उलट दिशेने फिरायला हवे. खरखर किंवा अडखळ आली तर इथेच थांबा. इंजिन सुरू करून ही तपासणी करू नका. थार, बोलेरो निओ अशा गाड्यांच्या काही मॉडेलांत लॉकिंग डिफरन्शियल असतो. एक चाक जमिनीवर असताना तो पकडला तर गाडी घोडीवरून उडी घेते.

पहिले किलोमीटर

रिकामी गाडी सात-आठ किलोमीटर मध्यम वेगाने चालवा आणि थांबा. हौसिंगजवळ हात नेऊन उष्णता पाहा. कोमट ते गरम ठीक आहे. हात टेकवताच काढून घ्यावा लागत असेल तर जुळवणी घट्ट झाली आहे, पुढे चालवू नका. पिनियन, जोड आणि दोन्ही चाकांकडची गळती पाहा. ब्रेक सारखे लागतात का ते मोकळ्या रस्त्यावर तपासा. चाकाचे नट पुन्हा कसा. नवी क्राउन-पिनियन जोडी असेल तर पहिले काही शे किलोमीटर जास्तीचा भार टाळा. पहिल्याच दिवशी उसाची खेप लावलेली जोडी तापते आणि तो ताप पुढे आयुष्यभर आवाज बनून राहतो.

काढलेले ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येते. कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

तुमचे हक्क

- वॉरंटी: ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये असेही त्या आदेशात होते. पुढे त्यावर अपिले झाली. तरीही वॉरंटीतल्या गाडीचा डिफरन्शियल स्वतः उघडू नका, कारण त्या भागाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते.
- माहिती: केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्र आहे. तुमच्या कंपनीची सेवा व दुरुस्तीची माहिती तिथून शोधायला सुरुवात करा.
- बिल: काम, भागांची नावे, किंमत आणि हमीची मुदत लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. कामाला टाकण्याआधी आणि नंतर मोबाइलवर फोटो काढा.
- तक्रार: पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीत त्रुटी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. आधी गॅरेजला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी दाद मिळाली नाही तर लातूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे बंधनकारक नाही.
- मालवाहू गाडीचे काय? व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा या कायद्याबाहेर राहते. पण तुम्ही स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवत असाल तर तुम्ही ग्राहक ठरता. तक्रारीत हे स्पष्ट लिहा.

हत्यार उचलण्याआधी पाच प्रश्न

१. क्रॉस, चाकाचे बेरिंग, ब्रीदर आणि ऑइलची पातळी तपासून झाली का?
२. डिफरन्शियल पुढून अखंड निघणारा आहे का?
३. पक्की जमीन, दोन घोड्या आणि एक जाणता सोबती आहे का?
४. मॉडेलचे टॉर्कचे आकडे आणि ऑइलची ग्रेड हाताशी आहे का?
५. आतली जुळवणी करणारा, डायल गेज वापरणारा मिस्त्री ठरला आहे का?

पाचही उत्तरे ‘हो’ असतील तर निर्धास्त हात घाला. उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते आणि आपल्या गाडीची आतून ओळख होते. एकही ‘नाही’ असेल तर आधी ते पूर्ण करा. हंगाम चार दिवस थांबू शकतो. घाईने रचलेल्या विटांवरच्या गाडीखाली गेलेला घरचा माणूस परत मिळत नाही.